अर्धी वीट

कोसाराने वाळकी काठी रोवली तरी तिला पालवी फुटते, असं सर्बियातल्या लेस्कोवात्सजवळच्या त्या गल्लीत बोललं जायचं, आणि कोसारा ते मान खाली घालून, पण कान टवकारून ऐकायची. फेब्रुवारी सरत आला की शेजारणी मिरचीचं बी घेऊन तिच्या दारात. वाफा ज्याचा त्याचा, पण पेरताना पहिली चिमूट कोसाराच्या हातची हवी. "अगं, माझ्या हाताला काय सोनं लागलंय?" असं ती म्हणायची, आणि म्हणता म्हणता बाह्याही सरसावून तयार असायची. हातगुणाचा तिला गर्व होता. वयाच्या त्रेसष्टाव्या वर्षी माणसाकडे गर्व करण्यासारखं फार काही उरत नाही, त्यामुळे जे उरलं होतं ते ती जिवापाड जपत होती.

मिरचीचं बी तिच्या सासूकडून आलेलं, आणि दरवर्षी ती ते गल्लीतही वाटायची. लांब, लाल, गरदार, चवीला गोड. सप्टेंबरात भाजून, सोलून, तासन् तास ढवळून तिचा आयवर, म्हणजे हिवाळ्यासाठीची घट्ट चटणी, केला की अख्ख्या गल्लीला त्याचा वास लागायचा. पेरणीआधी ते बी ओल्या लोकरीच्या फडक्यात गुंडाळून पाच दिवस छातीशी बाळगायचं, अंगाच्या उबेने त्याला मोड आणायचे, हेही सासूनेच शिकवलेलं. तिचा नवरा स्तामेन पाहुण्यांना सांगायचा, "चाळीस वर्षं झाली, दर फेब्रुवारीत माझ्या जागी मिरची झोपते."

वाफा घरामागे, आलुबुखारच्या झाडाशेजारी. खाली दोन वीत घोड्याची लीद, तिच्यावर चाळलेली माती, वर वाकवलेल्या काठ्या आणि त्यांच्यावर प्लास्टिकचा कागद. लीद आतून तापते, कागद ऊब धरून ठेवतो आणि बाहेर बर्फ असला तरी आत मिरची उगवते. नियम एकच. ऊन चढायला लागलं की कागदाची एक बाजू उचलायची आणि ऊन उतरायच्या आत पुन्हा झाकायची. यात एका दिवसाचीही हयगय चालत नाही.

हे उघडझाकीचं काम कोसाराने चाळीस वर्षं कुणाला करू दिलं नव्हतं. यंदा मात्र तिचा गुडघा धरला, आणि सकाळचं उघडणं सुनेकडे गेलं.

सून तियाना नीश शहरातली. लग्नाआधी आणि लग्नानंतरही फार्मसीत कामाला, गोळ्या मिलिग्रॅममध्ये मोजणारी. आता सात महिन्यांची दुन्या कडेवर होती म्हणून ती रजेवर, सप्टेंबरात पुन्हा कामावर जायचं ठरलेलं. तिचा नवरा, म्हणजे कोसाराचा मुलगा विदोये, ट्रक चालवायचा आणि महिन्यातले वीस दिवस जर्मनीच्या रस्त्यांवर असायचा. म्हणजे घरात सासू, सासरा, सून आणि नात. कोसारा वाईट सासू नव्हती. "सून म्हणजे हिरा आहे," असं ती चारचौघांत म्हणायची. पण हिऱ्याने हिऱ्यासारखं राहावं, वाफ्यात हात घालू नये, असं तिला आतून वाटायचं.

तियानाने ते काम नीट केलं, हीच पंचाईत होती. ती घड्याळ बघून कागद उचलायची. तिने वाफ्यात एक थर्मामीटरसुद्धा खोचलं होतं.

"मिरचीला ताप आलाय का गं?" कोसारा खिडकीतून विचारायची.

"नाही आई, अठ्ठावीस आहे. तब्येत उत्तम," तियाना हसून म्हणायची.

आणि रोपं कधी नव्हे इतकी टवटवीत आली होती. चारशेच्या वर, सगळी एका उंचीची. शेजारीण रादुंका कुंपणावरून वाकून म्हणाली, "सुनेचा हात तुझ्याहून चांगला दिसतोय, कोसारा!" कोसारा हसली. रात्रीच्या जेवणात मात्र तिला सूप खारट लागलं आणि तिने तसं बोलूनही दाखवलं.

एप्रिलच्या मध्यावर एका गुरुवारी दुन्याला लस द्यायची होती. तियानाने साडेआठला कागद उचलला, अर्धी वीट लावून तो अडकवला आणि पोरीला घेऊन बस गाठली. स्तामेन पहाटेच मासे धरायला नदीवर गेला होता. कोसारा बाहेर आली. डोंगराकडून गार झुळूक आली आणि ती नेमकी तिच्या गुडघ्याला लागली.

"या वाऱ्यात उघडं टाकून गेली. थर्मामीटरला वारा थोडाच कळतो!" ती स्वतःशीच म्हणाली. तिने वीट काढून गवतात ठेवली, कागद खाली ओढला आणि कडेवर माती सारली. अर्ध्या तासाने वारा पडला की उघडू, असं तिने ठरवलं. वारा खरं तर एवढा नव्हता. तिला वाफा पुन्हा एकदा आपल्या हाताने झाकायचा होता, एवढंच.

तेवढ्यात रादुंकाची हाक आली. "कोसारा, कॉफी उतू चाललीय! लवकर ये!"

रादुंकाची बहीण तीन वर्षांनी व्हिएन्नाहून आली होती. मग कॉफी झाली, तिच्याबरोबर चेरीचा मुरंबा झाला, नातवंडांचे फोटो झाले. पुन्हा कॉफी झाली. प्यायलेले कप बशीत उपडे करून आत उरलेल्या गाळात भविष्य बघणं झालं. रादुंका त्यात तरबेज. "तुझं घर भरलेलं दिसतंय, आणि कुणीतरी दार उघडतंय," ती म्हणाली. तिघी अंगणात बसल्या होत्या आणि ऊन येईल तशा खुर्च्या सावलीत सरकवत होत्या. तिसऱ्यांदा खुर्ची सरकवताना कोसाराचा हात खुर्चीच्या पाठीवर तसाच राहिला.

ती धावली. गुडघा आहे हेसुद्धा विसरली. दोन वाजत आले होते. कागद उचलल्यावर उकळत्या भांड्याचं झाकण काढल्यासारखी वाफ तोंडावर आली. चारशे रोपं उकडलेल्या पालकासारखी मातीला चिकटून पडली होती. तिने एक उचलून पाहिलं, तर बोटांना कोमट लागलं. तिने सगळा कागद ओढून काढला, पाणी शिंपडलं, देवाचं नाव घेतलं. मग तिला गवतात पडलेली वीट दिसली. ती उचलून तिने सरपणाच्या ढिगामागे टाकली. तेव्हा मनात काय होतं, हे पुढे तिने स्वतःला कितीदा तरी विचारलं. काहीच नव्हतं. हाताने आपलं आपण केलं.

अडीचच्या बसने तियाना आली. दुन्या लस टोचून घेऊन, रडून रडून कडेवरच झोपली होती.

"आई, काय झालं?"

"भाजली. सगळीच्या सगळी."

तियाना वाफ्याशी येऊन उभी राहिली. मग म्हणाली, "पण मी उघडलं होतं. जायच्या आधी. वीट लावली होती मी." तिने इकडेतिकडे पाहिलं. वीट नव्हती. "लावली होती ना मी, आई?"

हीच ती वेळ होती. एक वाक्य बोलायचं होतं, तेसुद्धा दोन शब्दांचं. कोसाराला ते दिसत होतं, आणि गल्लीही दिसत होती. हातगुणवाल्या कोसाराने स्वतःच्या हाताने रोपं उकडली, आणि तीही कॉफीच्या कपात भविष्य बघत असताना. ती म्हणाली, "मी आले तेव्हा झाकलेलंच होतं."

यातला शब्दन् शब्द खरा होता. त्याचीच तिला पुढे सगळ्यात जास्त लाज वाटली.

"मग ते कालचं असेल," तियाना हळू आवाजात म्हणाली. "काल लावली असेल मी वीट. रात्री दुन्या चार वेळा उठली, सकाळी बसची घाई... पण मला ती हातात आठवतेय, आई."

"होतं असं, पोरी," कोसारा म्हणाली. "बाळंतपणानंतर डोकं ठिकाणावर राहत नाही. माझंही नव्हतं राहत. जाऊ दे, मनाला लावून घेऊ नकोस." आणि तिने सुनेच्या पाठीवरून हात फिरवला.

संध्याकाळी स्तामेन चार मासे घेऊन आला, वाफा बघून त्याने टोपी मागे सारली. "झालं ते झालं," तो म्हणाला. "एक वर्ष बाजारातली मिरची खाऊ. मरत नाही कुणी." कोसाराने मासे साफ करायला घेतले. जेवताना सांगू, असं तिने ठरवलं. जेवताना दुन्या रडत होती. मग उद्या सांगू असं ठरवलं.

उद्यापर्यंत बातमी गल्लीत पोचली होती. दुकानात पाव घेताना कुणीतरी म्हणालं, "ऐकलं, कोसाराताई. शेवटी सुनेचा हात जडच निघाला म्हणायचा."

"नाही हो, पोर आहे ती," कोसारा म्हणाली. "तान्हं बाळ, रात्रीची जागरणं. शिकेल."

"सासू असावी तर अशी!" दुकानदारीण म्हणाली. तो पाव कोसाराने घरी आणून टेबलावर ठेवला. त्या दिवशी तिने त्यातला तुकडाही मोडला नाही.

इथवर प्रकरण मिरचीचं होतं, आणि मिरचीची लाज माणूस गिळून टाकतो. पण तियाना बदलायला लागली. आधी ती घराबाहेर पडताना शेगडीचं बटण एकदा बघायची. आता तीनदा बघायची, फाटकापर्यंत जायची आणि तिथून हाक मारायची, "आई, शेगडी बंद आहे ना? बघता का जरा?" कोसारा बघायची, "बंद आहे गं," म्हणायची. दुन्याच्या अंघोळीचं पाणी तियाना थर्मामीटरने मोजायची, आणि तरी सासूला बोलवायची. "तुम्ही कोपर घालून बघा. माझा भरवसा नाही." फ्रिजवर कागद चिकटले. नऊ वाजून दहाला दूध दिलं. दहा वाजता ड जीवनसत्त्वाचा थेंब दिला. मागचं दार लावलं. मिलिग्रॅम मोजणारी ती पोर, पण आता स्वतःच्या हातांकडे दुसऱ्याचे असल्यासारखी बघायची.

एका दुपारी कोसारा खोलीत गेली, तर दुन्या झोपली होती आणि तियाना बाटली हातात घेऊन पाळण्यापाशी उभी होती.

"आई, मी हिला दूध दिलं का हो?"

बाटली रिकामी होती. काच अजून कोमट होती. दुन्याच्या हनुवटीवर दुधाचा थेंब होता.

"दिलंस," कोसारा म्हणाली. "दिलंस गं, पोरी. ही बघ बाटली."

मग ती बाहेर येऊन सरपणाच्या ढिगाशी बसली. ढिगामागे ती वीट होती. कोसाराला स्वतःची किळस आली. आयुष्यात तिने चुका केल्या होत्या, खोटंही बोलली होती. एकदा नणंदेची चांदीची सुई हरवून तिने कानावर हातही ठेवले होते. पण कुणाचं डोकं असं काढून घेतलं नव्हतं. आज सांगते, असं ती म्हणाली. आणि आज गेला. जितके दिवस जात, तितकं सांगायचं वाक्य लांब होत होतं. पहिल्या दिवशी 'मी झाकलं' एवढं पुरलं असतं. आता 'मी झाकलं, आणि इतके दिवस तुला वेडी ठरवत होते' असं म्हणावं लागलं असतं.

रादुंका एकदा कुंपणाशी आली. तिने कपड्यांचे चिमटे उगाचच मोजल्यासारखे केले. "त्या गुरुवारी आपली कॉफी जरा लांबलीच, नाही?"

"लांबली."

"सकाळी मी खिडकी पुसत होते. तुझ्या सुनेने कागद उचललेला दिसला मला. मग तू आलीस."

"तुझा चष्मा बदलायला झालाय, रादुंका."

रादुंकाने तिच्याकडे शांतपणे पाहिलं. "असेल बाई," ती म्हणाली. "मात्र कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही." आणि चिमटे घेऊन आत गेली. आता रादुंकाच्या बाबतीतही आपण तेच केलं, तिच्या डोळ्यांनाच खोटं पाडलं, हे कोसाराच्या नंतर भांडी घासताना लक्षात आलं.

मे उजाडला. सहा तारखेला जुर्जेवदानचा सण, आणि त्यानंतर रोपं वाफ्यातून काढून बागेत लावायची. गल्लीत सगळ्यांनी जमीन खणून ठेवली होती. स्तामेननेही खणली, टोमॅटो आणि काकडीपुरती. सणाच्या आदल्या दिवशी तियानाने बाबागाडीच्या खालच्या फळीवर रिकामी खोकी रचली आणि काही न बोलता बाहेर पडली. फाटकापाशी नेहमीप्रमाणे हाक आली, "आई, शेगडी?"

"बंद आहे!"

ती परत आली तेव्हा जेवणाची वेळ टळून गेली होती. बाबागाडीत दुन्या आणि दुन्याभोवती, खाली, मागे, सगळीकडे मिरचीची रोपं होती. ओल्या वर्तमानपत्रात मुळं गुंडाळलेली. तियानाचं तोंड उन्हाने लाल झालं होतं.

"हे काय?" कोसाराने विचारलं.

"दोनशे चाळीस. सहा घरांतून आणली." ती पायरीवर बसली. "तुमचंच बी आहे, आई. तुम्ही दरवर्षी सगळ्यांना देता ना, त्याचंच. मी विचारून विचारून घेतलं. पेर्सिदाआजीकडची तर नऊ वर्षांपूर्वी तुम्ही दिलेल्या वाणाची आहेत."

स्तामेन आतून आला आणि कंबरेवर हात ठेवून बघत राहिला. "बघ बघ," तो म्हणाला. "सासरी दिलेली मिरची माहेरपणाला आली!"

"मागितलीस कशी?" कोसाराने विचारलं.

"खरं ते सांगून. प्रत्येक घरी सांगितलं, आईंची रोपं माझ्या हातून जळली म्हणून मागायला आले. पहिल्या घरी रडू आलं. मग सवय झाली." तियानाने दुन्याच्या टोपीवरचं पान काढलं. "आणि मी आभार मानले नाहीत हं कुणाचे. जिभेवर आलं होतं, पण गिळलं. तुम्ही सांगितलंय ना."

रोपं दिल्याबद्दल आभार मानायचे नसतात. मानले तर ती धरत नाहीत. घ्यायची आणि गुपचूप घरी यायचं, हे लग्नाच्या पहिल्या वर्षी कोसारानेच तिला शिकवलं होतं. त्यामुळे आता कोसारालाही तियानाचे आभार मानता येईनात. ती आत गेली आणि शेगडीवर नसलेली कॉफी बघत उभी राहिली.

शनिवारी लावणी होती. स्तामेनने दोरी बांधून सऱ्या ओढल्या, कोसारा गुडघ्याखाली पोतं घेऊन बसली. तियाना पायरीवर दुन्याला मांडीवर घेऊन होती, आणि हात लांबवून खोकं पुढे ढकलायची. रोपाला मात्र बोटही लावत नव्हती.

"ये की. शेवटची ओळ तू लाव," स्तामेन म्हणाला.

"नको बाबा. माझा हात जड आहे. ही तरी जगू देत."

"हात जड! अगं, हे जुन्या बायकांचं—"

"सोमवारी मी फार्मसीत फोन करणार आहे," तियाना म्हणाली. "सप्टेंबरात येत नाही म्हणून सांगते. आत्ताच सांगितलं तर त्यांना दुसरं माणूस बघता येईल."

कोसाराने मान वर केली. "का? तुझी जागा राखून ठेवलीय ना त्यांनी?"

"कुणाला अर्ध्या गोळीच्या जागी दोन दिल्या तर?" तियाना दुन्याच्या केसांतून बोट फिरवत होती. आवाज अगदी साधा होता, बाजारहाट सांगावी तसा. "मला ती वीट अजून दिसते, आई. हातात घेतलेली दिसते. गार होती, खालच्या अंगाला ओली होती. आणि ती तिथे नव्हतीच. मग मला आणखी काय काय दिसत असेल? मी औषध देईन आणि मला आठवेल की बरोबर दिलं."

कोसाराच्या हातात एक रोप होतं. मुळांवरची माती तिच्या मुठीत चुरडली गेली.

"होती," ती म्हणाली.

"काय?"

"वीट होती. तू लावली होतीस. मी काढली."

स्तामेनचं फावडं थांबलं. कुठेतरी लांब ट्रॅक्टर चालू होता, तो चालूच राहिला. तियाना काही ओरडली नाही. ओरडली असती तर बरं, असं कोसाराला वाटलं. तियाना पुढे वाकली आणि तिने विचारलं, "कुठल्या बाजूला होती?"

"आलुबुखारच्या."

"कागदाची घडी?"

"दोनदा घातलेली."

"विटेखाली काही होतं?"

"फडकं होतं. निळं. दुन्याच्या जुन्या झबल्याचं." कोसाराला तिच्याकडे बघवत नव्हतं, पण बघावं लागलं. "कागद फाटू नये म्हणून घातलं होतंस."

"हो," तियाना म्हणाली. "त्यासाठीच घातलं होतं." प्रत्येक उत्तरावर ती हलकी मान हलवत होती, काउंटरवर गोळ्या मोजून घ्याव्यात तशी. "किती वाजता काढली?"

"तू बसला गेलीस आणि लगेच. वारा आहे म्हणून. नव्हता एवढा वारा. मग रादुंकाकडे गेले आणि विसरले. मी विसरले, तियाना. तू काही विसरली नव्हतीस. त्या दिवशीही नाही आणि नंतरही नाही. शेगडी तू दर वेळी बंद केलेली असायची."

"वीट कुठे आहे?"

कोसारा उठली, सरपणाच्या ढिगामागे हात घालून वीट काढून आणली. निळं फडकं तिला अजून चिकटलेलं होतं. तियानाने दुन्याला एका हातात धरलं आणि दुसऱ्या हाताने वीट घेतली, तिचं वजन केल्यासारखी थोडी खालीवर केली. तिचे डोळे भरले होते, पण ते सासूसाठी नव्हते.

"तीन आठवडे," ती म्हणाली. "तीन आठवडे मी हिला एकटीने अंघोळ घातली नाही."

तिने वीट पायरीवर ठेवली आणि ती पोरीला घेऊन आत गेली. न्हाणीघराची कडी लागल्याचा आवाज आला, मग नळाचा. भर दुपारी, अंघोळीची वेळ नसताना. थोड्या वेळाने दुन्या हसायला लागली, पाण्यावर हात मारून हसते तशी. कोसाराला पाणी बघायला बोलवायला कुणी आलं नाही. कोसारा सरीत बसून ऐकत राहिली.

स्तामेनने रोपांचं खोकं तिच्याकडे सरकवलं. मग एवढंच म्हणाला, "मुळं सुकतायत. लाव."

तिने लावली. दोनशे चाळीसच्या दोनशे चाळीस.

संध्याकाळी तिने डोक्याला धुतलेला रुमाल बांधला आणि ती सहा घरी गेली. कुणी तिला पाठवलं नव्हतं. पहिल्या घरी तिला बसायला सांगितलं, पण ती बसली नाही. उभ्यानेच सांगितलं की रोपं मी जाळली, सुनेने नाही, आणि तिने तुम्हाला सांगितलं ते तिला खरं वाटत होतं म्हणून. दुसऱ्या घरी कुणी हसलं. पेर्सिदाआजी बहिरी होती, तिला ओरडून सांगावं लागलं, त्यामुळे पलीकडच्या दोन घरांनाही आपोआप कळलं. शेवटी रादुंका. ती दारातच उभी होती.

"आम्हाला ठाऊक होतं," रादुंका म्हणाली. "पहिल्या दिवसापासून. तिला एकटीला तेवढं ठाऊक नव्हतं."

"मग तिला सांगितलं का नाहीस?"

"तुझं घर, तुझी सून. मी कशाला मध्ये पडू?" मग रादुंकाने नजर खाली घातली. "पडायला हवं होतं. ती इथे रडत उभी होती, आणि मी आपली रोपं मोजत होते." तिने मान वर केली. "पण एक सांगते. रोपं आम्ही तिला दिली, कोसारा. तुला नाही."

घरी आल्यावर तियानाने तिला काही विचारलं नाही. पुढेही नाही. टेबलावर मीठ मागायची, दुन्याचं झबलं कुठे आहे म्हणायची, पण 'आई' म्हणायची थांबली होती. त्या हाकेच्या जागी ती थोडी थांबायची आणि मग वाक्य पुढे न्यायची. फ्रिजवरचे कागद एका सकाळी दिसेनासे झाले. अर्धी वीट तिने स्वयंपाकघराच्या दाराला लावली, दार वाऱ्याने आपटू नये म्हणून, आणि कोसारा दिवसातून वीस वेळा तिच्यावरून पाय उचलून जायची. मिरचीने मात्र जीव धरला. दोन सोडून सगळ्या.

पुढच्या गुरुवारी तियाना नीशला निघाली. फार्मसीत जाऊन सप्टेंबरचं पक्कं करायचं होतं. जाताना तिने दूध तापवलं, बाटली भरली, दुन्याला शाल गुंडाळली. कोसारा खिडकीशी होती. तिने सवयीने मागे वळून शेगडीचं बटण पाहिलं, म्हणजे हाक आली की लगेच सांगता येईल. बंद होतं. तियाना फाटकापाशी पोचली आणि थांबली. कोसाराने उत्तरासाठी तोंड उघडलं.

तियानाने वाकून दुन्याच्या पायावरची शाल नीट केली, फाटक ओढून घेतलं आणि बसच्या दिशेने गेली. शेगडीचं तिने विचारलं नाही.